‘आर वापरलं’ एवढ्यानं भागत नाही

पीएचडीच्या विद्यार्थ्यांत एक सल्ला सर्रास फिरतो: ‘ओपन सोर्स सॉफ्टवेअर फुकट असतं, संदर्भ द्या असं लायसन्समध्ये नसतं. ते नुसतं साधन आहे. “आर वापरून विश्लेषण केलं” एवढं लिहा, फार तर गिटहबची लिंक टाका.’ (आर ही आकडेवारीच्या विश्लेषणाची प्रोग्रामिंग भाषा, गिटहब ही कोड ठेवायची वेबसाइट.)

लायसन्सचा मुद्दा बरोबर आहे. एमआयटी किंवा जीपीएल लायसन्स कोड पुढे वाटण्याच्या अटी घालतात, शोधनिबंधाबद्दल काही म्हणत नाहीत. पण एखाद्या पुस्तकाचा संदर्भ तरी आपण कायद्याच्या धाकानं कुठे देतो? पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आलेख काढायचं मॅटप्लॉटलिब लिहिणारे जॉन हंटर स्वतः न्यूरोबायॉलॉजीतले संशोधक. त्यांचा 2007 चा निबंध उपलब्ध असताना त्यांच्या कोडवर आलेख काढायचे आणि नाव गाळायचं, हे मला पटत नाही.

‘नुसतं साधन’ हे तर साफ चूक. एप्रिल 2019 मध्ये आरची 3.6.0 आवृत्ती आली आणि ‘सॅम्पल’ फंक्शनची रँडम निवड करण्याची पद्धत बदलली, कारण जुन्या पद्धतीत दोष होता. कोड तोच, सीड (रँडम निवड जिथून सुरू होते तो आकडा) तोच, तरी निवड वेगळी! आवृत्ती लिहिली नसेल तर तुमचा निकाल पुन्हा काढून बघणारा माणूस चाचपडत बसणार. त्याच वर्षी हवाई विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांना आढळलं की 2014 साली नेचर प्रोटोकॉल्समध्ये आलेल्या पायथन स्क्रिप्ट्स वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगळी उत्तरं देतात. फायली कुठल्या क्रमानं वाचल्या जातील हे सिस्टिमवर ठरत होतं. अशा वेळी संदर्भ दिलेले निबंध हुडकून तपासता येतात. ज्यांनी दिलाच नाही, त्यांचे निकाल कोण आणि कसे तपासणार?

गिटहबच्या लिंकवर आजचा कोड दिसतो, तुम्ही वापरलेला नव्हे. शिवाय मालक ती रिपॉझिटरी, म्हणजे तिथला कोडचा साठा, कधीही काढून टाकू शकतो. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या झेनोडो या ऑनलाइन संग्रहात ठेवलेल्या प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो, तो द्या.

संदर्भ कसा लिहायचा ही अडचणही फारशी उरलेली नाही. आरमध्ये ‘सायटेशन’ फंक्शन चालवलं की तयार नोंद मिळते, कंसात पॅकेजचं (आरला जोडायच्या तयार कोडच्या संचाचं) नाव दिलं तर त्या पॅकेजचीही. मग पन्नास पॅकेजेस यादीत घालायची का? नको. ज्यांच्यावर निष्कर्ष उभा आहे ती संदर्भयादीत घाला, आणि आरची व पॅकेजेसची आवृत्ती दाखवणाऱ्या ‘सेशनइन्फो’ फंक्शनचं अख्खं आउटपुट परिशिष्टात जोडा.