गाडीमागे धावलेला माणूस

2025 च्या फेब्रुवारीत एकाच आठवड्यात दोन बातम्या वाचल्या. मुंबईची बातमी होती, गृहखात्याने शिंदे यांच्या शिवसेनेच्या वीसेक आमदारांची वाय-प्लस सुरक्षा कमी केल्याची. इथली, म्हणजे अमेरिकेतली, बातमी होती क्लिंट हिल गेल्याची. केनेडींच्या हत्येच्या दिवशी त्यांच्या गाडीमागे धावलेले अंगरक्षक ते हेच. 21 फेब्रुवारीला, कॅलिफोर्नियातल्या बेल्व्हेडीअर गावी, वयाच्या 93 व्या वर्षी.

पहिल्या बातमीवर घरच्या ग्रुपवर रात्रभर वाद चालला. कुणाची सुरक्षा काढली, कुणाची ठेवली, यामागे फडणवीसांचा कोणता डाव, 2022 च्या बंडानंतर दिलेली सुरक्षा आताच का आठवली. सगळे मुद्दे आले. ज्या हवालदारांना त्या आमदारांच्या दारातून उठवून दुसरीकडे पाठवलं, त्यांच्याबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं. नेत्यामागे किती बंदुका यावरून आपण नेत्याचं वजन मोजतो आणि बंदूक धरणारा माणूस आपल्या हिशेबात येतच नाही, हे मला त्या आठवड्यात फार टोचलं. कारण मी डॅलसजवळ राहते, आणि हिल हे नाव इथे टाळता येत नाही.

भारतातून कुणाचेही आईवडील आले की डीली प्लाझा, म्हणजे डॅलसमधला केनेडींच्या हत्येचा चौक, दाखवायला न्यावंच लागतं. एल्म स्ट्रीटवर डांबरावर पांढरी फुली रंगवलेली आहे. केनेडींना गोळी लागली ती जागा. सिग्नल लाल झाला की लोक धावत रस्त्यात जातात, फुलीवर उभे राहून फोटो काढतात आणि गाड्या सुटायच्या आत परत येतात. ज्या इमारतीतून गोळ्या झाडल्या गेल्या तिच्या सहाव्या मजल्याच्या खिडकीकडे फुलीवरून सगळे बघतात. मी पाहुण्यांना रस्त्याच्या उताराकडे बघायला सांगते. त्या उतारावर एक माणूस चालत्या गाडीमागे जीव तोडून धावला होता.

22 नोव्हेंबर 1963. हिल तेव्हा 31 वर्षांचे. नॉर्थ डकोटातल्या वॉशबर्नसारख्या लहानशा गावात, दत्तक गेलेल्या घरी वाढलेले. 1958 मध्ये राष्ट्राध्यक्षांचं रक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसमध्ये लागले, आयझेनहॉवर यांच्या पथकात होते, पुढे जॅकलिन केनेडींचं संरक्षण त्यांच्याकडे आलं. त्या दिवशी ते राष्ट्राध्यक्षांच्या लिंकन मोटारीमागच्या गाडीच्या डाव्या पायफळीवर उभे होते. मेन स्ट्रीटवर गर्दी अंगावर येऊ लागली तेव्हा चारेक वेळा ते उतरून धावत पुढच्या गाडीच्या मागच्या पायरीवर चढले आणि परत आपल्या जागी आले. हे रोजचंच काम. एल्म स्ट्रीटला वळल्यावर पहिला आवाज झाला, केनेडींनी गळ्याशी हात नेलेले दिसले, आणि हिलनी उडी टाकली. लिंकनची मूठ हाताला लागली तोच चालकाने वेग घेतला आणि पाय सटकला. पुन्हा धावले, पुन्हा चढले. तोपर्यंत केनेडींच्या डोक्यात गोळी लागून गेली होती. जॅकलिन डिकीवर आल्या होत्या. त्यांना आत ढकलून हिल दोघांवर आडवे पडले आणि मागच्या गाडीतल्या सहकाऱ्यांना अंगठा खाली करून दाखवला. पार्कलंड इस्पितळापर्यंत गाडी सुसाट गेली, हिल तसेच वरती. तिथे पोचल्यावर जॅकलिन नवऱ्याचं डोकं मांडीवरून सोडेनात. त्या अवस्थेत लोकांनी केनेडींना बघू नये म्हणून बाई सोडत नाहीत, हे हिलना कळलं. त्यांनी आपला कोट काढला आणि केनेडींच्या डोक्यावर घातला. तेव्हा कुठे जॅकलिननी हात सोडला.

काही दिवसांतच पदक मिळालं. मार्च 1964 मध्ये हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगापुढे साक्ष झाली. हत्येच्या आदल्या रात्री काही एजंट उशिरापर्यंत फोर्ट वर्थमध्ये पीत बसले होते, त्यात हिलही होते. आयोगाने त्यावर कडक शब्दांत बोट ठेवलं. मला वाटतं ते रास्तच होतं. रक्षण करणाऱ्याने झोपलेलं असावं, शुद्धीवर असावं, ही अपेक्षा जनतेने करावीच. आयोगाने सगळं विचारलं. हिलना रात्री झोप लागते का, एवढं तेवढं कुणी विचारलं नाही. ते कामावर जात राहिले. जॉन्सन, निक्सन, फोर्ड. आयझेनहॉवर आणि केनेडी धरून पाच राष्ट्राध्यक्ष. 1975 मध्ये डॉक्टरांनी अनफिट ठरवलं आणि 43 व्या वर्षी निवृत्ती आली.

त्याच डिसेंबरात सीबीएस वाहिनीवर माईक वॉलेस यांनी त्यांची मुलाखत घेतली. अर्धा सेकंद, फार तर एक सेकंद आधी हललो असतो तर आज इथे नसतो, असं हिल म्हणाले. म्हणजे ती गोळी तुम्ही घेतली असती? हो. आणि ते तुम्हाला चाललं असतं? चाललं असतं. एवढं बोलून तो माणूस सगळ्या देशासमोर रडला. बारा वर्षांनी. पुढची काही वर्षं त्यांनी व्हर्जिनियातल्या आपल्या घराच्या तळघरात दारू आणि सिगरेटच्या सोबतीने काढली. दारू सोड नाहीतर मरशील, असं एका डॉक्टरने सांगितलं तेव्हा 1982 च्या सुमारास सुटली. 1990 मध्ये ते डीली प्लाझात परत आले, उतारावरून चालले, त्या खिडकीतून खाली पाहिलं, आणि आपल्या हातून आणखी काही होणं शक्य नव्हतं हे त्यांनी कसंबसं मान्य केलं. सत्तावीस वर्षं लागली.

अमेरिकेने यातून सगळं शिकून घेतलं असं मी म्हणणार नाही. जुलै 2024 मध्ये पेन्सिल्व्हेनियात बटलरला ट्रम्प यांच्यावर गोळी झाडली गेली. दहा दिवसांत सीक्रेट सर्व्हिसच्या संचालकांना जावं लागलं. गोळी झाडणारा ज्यावर चढला ते छप्पर मोकळं कसं राहिलं यावर महिनोन्‌महिने चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. ट्रम्पना अंगाखाली झाकणाऱ्या एजंटांचं पुढे काय, हा विषय इथेही मागेच पडला.

तरी एक गोष्ट इथे झाली. त्या सहाव्या मजल्यावरच्या संग्रहालयाने साक्षीदारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचं काम नेटाने चालवलंय. पोलीस, परिचारिका, फुटपाथवर उभे असलेले लोक, सगळ्यांच्या.

माझे थोरले चुलते मुंबई पोलिसांत हवालदार होते. गणपती, दहीहंडी, निवडणूक, अधिवेशन, कायम बंदोबस्त. दादा घरी आले की आधी बूट काढून पाय बादलीत सोडायचे, मग बोलायचे. 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना. त्याची मूळ सूचना एका शिपायानेच केली होती. ही बातमी वाचून मी दादांना फोन केला, तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. तो प्रयोग पसरवणं हा खरा सुरक्षेचा प्रश्न आहे. कुणाला वाय-प्लस द्यायची हे ठरवणाऱ्या समितीने त्याच कागदावर हेही लिहावं, की या दारावर जो उभा राहील तो किती तास उभा राहील, त्याची साप्ताहिक सुट्टी कधी, आणि त्याच्या डोळ्यांदेखत काही घडलं तर त्याला कोणत्या डॉक्टरकडे नेणार.

26/11 ला गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली. त्यांना अशोकचक्र मिळालं, पुतळा झाला, आणि ते योग्यच आहे. पण त्याच रात्री कामा रुग्णालयाच्या गल्लीत करकरे, कामटे, साळसकर ज्या क्वालिसमध्ये होते, तिच्या मागच्या भागात अरुण जाधव हा शिपाई हाताला गोळ्या लागून सहकाऱ्यांच्या देहांमध्ये पडून होता. अतिरेकी तीच गाडी पळवत होते. टायर बसल्यावर त्यांनी ती टाकली, तेव्हा जाधवांनी वायरलेसवरून नियंत्रण कक्षाला कळवलं. पुढे कोर्टात साक्ष दिली. सीएसएमटीवर, कामा रुग्णालयात, ताजजवळ असे कितीतरी शिपाई आणि हवालदार त्या रात्री होते आणि जगले. दरवर्षी 26 नोव्हेंबरला गेलेल्यांना मानवंदना होते. जगलेल्यांपैकी बरेच आता निवृत्त झालेत किंवा होत आलेत. त्यांच्या घरी जाऊन, रेकॉर्डर समोर ठेवून, चार-चार तास ऐकून घेण्याचं काम मुंबईतल्या एखाद्या विद्यापीठाने किंवा ग्रंथसंग्रहालयाने या वर्षी हाती घ्यावं. पैशांची अडचण असेल तर आम्ही इथली मराठी मंडळं वर्गणी काढू, गणपतीला काढतोच.