गाडीभाऊ

परवा पहाटे मुतखड्यानं माझ्या दोस्ताला गाठलं आणि बेळगावातल्या दवाखान्याच्या काउंटरनं मला. वहिनी धारवाडहून निघालेल्या, पोरगा बेंगळुरात. खडा सहा मिलिमीटरचा. फॉर्म दोन पानी आणि सगळा कन्नडमध्ये.

दहावीला कन्नडमध्ये ३५ मार्कांवर सुटलेला माणूस मी. छापील अक्षरं जोडत जोडत एक रकाना लागला: ‘संबंध’. शब्द दोन्ही भाषांत एकच, म्हणून लागला. तिथं देवनागरीत ठोकून दिलं, ‘मित्र’.

काउंटरवरच्या बाईंनी कागद परत सरकवला. “फ्रेंड आगंगिल्ल री. ब्लड रिलेशन पाहिजे.”

रक्ताचंच म्हणाल तर सहावीत याच्या विटीनं माझी भुवई फुटली, तीन टाके पडले. एवढं रक्त सख्ख्या भावानंही काढलेलं नाही. पण हे कन्नडमध्ये सांगायचं कसं?

मागं खानापूरकडचे एक आजोबा उभे होते. टोपी, धोतर, हातात म्हातारीच्या एक्स-रेचं पाकीट.

“कोण लागतोय गा त्यो तुझा?”

“मित्र.”

“मैतर खरं, लागतोय कोण?”

“लहानपणापासूनचा आहे ओ. शेजारी.”

“ते आलं ध्यानात. खरं लागतोय कोण?”

मी गप्प. आजोबांनी एक्स-रे काखेत मारला आणि तपास हाती घेतला. गल्ली कुठली? शहापूर म्हटल्यावर तिथं त्यांची मेव्हणी दिलेली निघाली, पण तिचा उपयोग होईना. तुमचं दैवत? जोतिबा. त्याचं? वीरभद्र. आजोबा जरा खचले. रांगेतली दोन माणसं आता आपला नंबर सोडून ऐकत होती.

“सौंदत्तीला गेल्तासा कवा दोघं?”

“एकदा. त्याच्या आजीबरोबर, बैलगाडीतनं.”

“एकाच गाडीतनं?”

“हो.”

“मग झालं की! यल्लम्माला एका गाडीतनं गेलासा म्हंजे गाडीभाऊ. लिव, भाऊ लिव!” आणि बाईंना ओरडून, “ओ बाई, भाऊच हाय त्यो!”

“आधारवर सरनेम सेम आहे काय?” बाईंनी मान वर न करता विचारलं. गाडीभाऊपण तिथंच संपलं.

हसू येत होतं आणि संतापही. आयुष्यभर माझे असले कागद त्यानंच भरले: रेशनकार्ड, लायसन, जमिनीचा उतारा. आमच्या दोन घरांत एक भिंत. तिकडं कन्नड, इकडं मराठी. १ नोव्हेंबरला गावात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघायची, आणि गाव कर्नाटकात घातलं म्हणून मराठी माणसांच्या काळ्या दिनाची फेरीही निघायची. आम्ही दोघं शाळा नाही म्हणून गोट्या खेळायचो. २०१४ च्या त्याच तारखेला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, तेव्हा माझा नवा पत्ताही त्यानंच लिहून दिला, वर चहा उकळला. घरपट्टी घेताना माझी भाषा कुणी विचारत नाही. दोन ओळी मराठीत छापल्या तर शाई कमी पडते काय? असो. आज तो आडवा पडला आणि मी भरल्या गावात अंगठाछाप झालो.

शेवटी फॉर्म घेऊन त्याच्याकडेच गेलो. एका हाताला सलाईन, दुसरा पोटावर.

“एवढं पण येत नाही काय बे तुला?” कळ दाबत तो म्हणाला. पोटावरचा हात उचलून स्वतःचा फॉर्म स्वतःच भरला. ‘मित्र’ खोडून त्या रकान्यात चांगले तीन शब्द खरडले.

बाईंनी वाचलं. तोंडाला पदर लावून हसल्या आणि शिक्का मारला. शेजारच्या बाईंना बोलावून दाखवलं, त्याही हसल्या.

“काय लिवलंय गा?” आजोबा.

मला काय माहीत! फोटो काढून ठेवलाय, पण त्याचं अक्षर मोबाईललाही लागत नाही. विचारलं तर म्हणतो, “कुंदा आण, मग सांगतो.” कालच पाव किलो नेला. खाऊन संपवला, आणि आता म्हणतो आठवत नाही.