सहा किलो हवा

नाशिकमध्ये सातपूरच्या एमआयडीसीत "सहा किलो हवा लागेल" म्हटलं की कोणी तराजू आणत नाही. चौरस सेंटिमीटरला सहा किलो दाब, हे सगळ्यांना पाठ. हेच वाक्य द्वारकेच्या पंक्चरवाल्याला ऐकवू नका. तो पौंडात जगतो, म्हणजे चौरस इंचाला पौंड, पीएसआय. सहा किलो म्हणजे 85 पौंड, आणि कारचं टायर 33 वर खूश असतं. डिजिटल पंपावर चुकून किलोपास्कलचं बटण दाबलं गेलं, तर तेच टायर 228 दाखवतं आणि मालक दोन पावलं मागे सरकतो.

पिंपळगावच्या द्राक्षबागेत तर दाबाच्या तीन बोल्या. पंपाच्या पाटीवर 'हेड 40 मीटर', म्हणजे पाणी चढवायची उंची, फवारणीच्या ब्लोअरच्या गेजवर बार, ड्रिपवाल्याच्या तोंडी किलो. दहा मीटर पाणी म्हणजे एक किलो, एवढं एकच गणित देवाने सोपं ठेवलंय. बाकी पौंड काढायला किलोला 14.2 ने गुणा, बारला 14.5 ने. बार आणि किलो यांत फरक जेमतेम दोन टक्क्यांचा. त्यावरून भांडणाऱ्यांना मी चहा पाजून वाटेला लावतो, कारण साधा गेजच अडीच टक्के इकडेतिकडे असतो. तेही पूर्ण डायलच्या! दहा किलोच्या डायलवर कुठेही पाव किलोची चूक माफ. म्हणजे ड्रिपचा एक किलो त्यावर पाऊणही दिसेल, सव्वाही. फिल्टरच्या मागचापुढचा अर्ध्या किलोचा फरक बघून बॅकवॉश घ्यायचा, म्हणजे उलटं पाणी सोडून तो धुवायचा, तर चार किलोचा डायल लावा. पण नाही. गेज दहाचाच, आणि वहीत नोंद '14.22 पीएसआय'. दशांशचिन्हापुढचे ते दोन आकडे निव्वळ कॅल्क्युलेटरची कृपा.

खरा छळ व्हॅक्यूमचा. तिथे गेज बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती कमी झाला ते दाखवतो. गेजवर पाऱ्याचे 760 मिलिमीटर छापलेले असतात, ते समुद्रसपाटीचे. नाशिक त्याहून सुमारे सहाशे मीटर वर. इथे मुळात हवेचाच दाब 710 च्या आसपास. त्यापलीकडे काटा नेणं पंपाच्या बापालाही जमायचं नाही. तरी अंबडला "साहेब, 760 येत नाही" म्हणून पंप खोलतात. तेल बदलतात, व्हेन बदलतात, सील बदलतात. काटा 700 वर. मग गेज बदलतात. नवा गेजही 700 च दाखवतो, तेव्हा त्याच्या काचेवर बोटाने टकटक करायची असते.