सिंफनी एकट्या हायडनची नाही

पाश्चात्त्य अभिजात संगीत नव्यानं ऐकू लागलेल्या मंडळींत सिंफनीविषयी, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या अनेक भागांच्या मोठ्या रचनेविषयी, एक मजकूर सारखा फिरतो: ‘जोसेफ हायडन हा सिंफनीचा जनक. एस्टरहाझी सरदारांच्या वाड्यात, जगापासून दूर राहून त्यानं ती शून्यातून उभी केली. चार भागांचा साचा त्यानंच घडवला आणि मोझार्ट, बीथोव्हेन त्याच साच्यात लिहीत गेले.’ अठराव्या शतकातला हा ऑस्ट्रियन संगीतकार, हायडन, मला अतिशय प्रिय आहे. म्हणूनच हे खोडून काढावंसं वाटतं.

आधी ‘शून्यातून’ हा शब्द घेऊ. इटलीत ऑपेराचा पडदा वर जाण्यापूर्वी, आपल्याकडच्या नांदीच्या जागी, वाद्यवृंदाची एक रचना वाजे. तिला ‘सिन्फोनिया’ म्हणत. आधी जलद, मग संथ, पुन्हा जलद, असे तिचे तीन भाग. 1700 च्या आसपास अलेस्सांद्रो स्कारलात्तीनं हा घाट रुळवला. पुढे मिलानच्या साम्मार्तिनीनं 1730 च्या दशकात ऑपेराचा आधार सोडून, नुसत्या मैफलीसाठी अशा रचना लिहिल्या. हायडनचा जन्म 1732 चा, म्हणजे तो तेव्हा पाळण्यात नाहीतर अंगणात होता.

मग जर्मनीतल्या मानहाइमचा दरबारी वाद्यवृंद. योहान श्टामित्स या बोहेमियातून आलेल्या व्हायोलिनवादकानं तो असा तयार केला, की हळूहळू चढत जाणारा तिथला नाद ऐकायला लोक दुरून येत. 1772 मध्ये तिथे गेलेल्या चार्ल्स बर्नी या इंग्रज संगीतलेखकानं या वादकांना ‘सेनापतींचं सैन्य’ म्हटलं, म्हणजे ज्यातला प्रत्येक जण सेनापतीच आहे असं सैन्य. श्टामित्स 1757 मध्ये वारला. त्याच्या पन्नासहून अधिक सिंफनी आज उपलब्ध आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा चार भागांच्या आहेत.

म्हणजे चार भागांचा साचाही हायडनचा नव्हे. व्हिएन्नातल्या गेओर्ग माटियास मोननं 1740 मध्ये लिहिलेल्या एका सिंफनीत मिन्युएट (तीन मात्रांच्या ठेक्यातला दरबारी नाच) धरून चार भाग आहेत. त्याच सुमारास आठ वर्षांचा हायडन सेंट स्टीफन कॅथीड्रलच्या गायकवृंदात दाखल होण्यासाठी व्हिएन्नात आला. अशा हवेत वाढलेल्या मुलानं सगळं स्वतः शोधलं, असं कसं म्हणायचं? शिवाय त्याच्या ‘क्रमांक 1’ला तीनच भाग आहेत आणि क्रमांक 60 ला चक्क सहा. मोझार्टची 1786 ची ‘प्राग’ सिंफनीही तीन भागांची. साचा म्हणावा इतकं घट्ट काही नव्हतंच.

एकांताची गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती हायडनच्याच तोंडची आहे. चरित्रकार ग्रीसिंगरला उतारवयात त्यानं सांगितलं, की जगापासून तुटल्यामुळे मला स्वतंत्र व्हावंच लागलं. पण ‘स्वतंत्र झालो’ आणि ‘शोध लावला’ यांत फार अंतर आहे. वाद्यवृंद रोज हाताशी होता, त्यामुळे काय खुलतं, काय पडतं हे तो लगेच ताडून बघू शकत होता. 1772 च्या ‘फेअरवेल’ सिंफनीत अखेरीस वादक एकेक करून उठून जातात आणि दोनच व्हायोलिनं उरतात. घरी जायला आसुसलेल्या वादकांचं गाऱ्हाणं त्यानं धन्यापुढे मांडलं ते असं. हेच वादक त्याला ‘पापा’ म्हणत. माझ्या मते ‘जनक’ ही पदवी या ‘पापा’मुळेच लोकांना इतकी सहज पटते.

हायडनचं मोठेपण मला दिसतं ते एका छोट्या सुरावटीतून अख्खा भाग वाढवण्यात. 1795 मध्ये लंडनसाठी लिहिलेल्या शेवटच्या, 104 क्रमांकाच्या सिंफनीचा शेवटचा भाग ऐका. खाली एकच स्वर धरून ठेवलेला, वर लोकगीतासारखी साधी चाल, आणि तेवढ्यावर तो केवढी इमारत चढवतो! हे साम्मार्तिनीला जमलं नव्हतं, मोनलाही नाही.

‘मोझार्ट त्याच साच्यात’ याबद्दल थोडक्यात: मोझार्टनं पहिली सिंफनी लिहिली ती 1764 मध्ये, आठव्या वर्षी, लंडनमध्ये, तिच्यावर छाप आहे ती तिथल्या योहान क्रिस्टियान बाख या संगीतकाराची. हायडनची आणि त्याची मैत्री पुष्कळ नंतरची.

अठराव्या शतकातल्या सिंफनींची यादी यान लारू या अभ्यासकानं केली, तेव्हा ती सोळा हजारांच्या वर गेली. हायडनच्या त्यांत शंभराहून थोड्या अधिक. हायडननं स्वतः ऋण मान्य केलं ते कार्ल फिलिप एमानुएल बाख या दुसऱ्या बाख संगीतकाराचं: मला नीट ओळखणाऱ्याला कळेल, की मी त्याचा किती देणेकरी आहे, असं तो ग्रीसिंगरला म्हणाला होता.