काकांचे आठ डॉलर

परवा भाची काहीतरी घोकत घरभर फिरत होती. शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे, विषय ‘परिश्रम’. कान दिला तर ऐकू आलं, ‘अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना १८६५ मध्येच स्वातंत्र्य मिळाले, तरी ते मागे राहिले, आपले भारतीय मात्र खिशात आठ डॉलर घेऊन गेले आणि...’ हे कुठून उचललंस म्हटलं, तर म्हणे फॅमिली ग्रुपवरून, न्यू जर्सीच्या आजोबांनी टाकलंय. न्यू जर्सीचे आजोबा म्हणजे माझे काका. उघडून बघितलं. डोक्यावर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेले’ आणि ते दोन बाण, खाली पाच मुद्दे, शेवटी ‘सत्य कटू असते’. काकांचा माझ्यावर जीव आहे, माझाही त्यांच्यावर. पण हे तेरा वर्षांच्या पोरीला पाठ होईपर्यंत मी गप्प बसले, याची आता लाज वाटते.

दोन मुद्दे पटकन उरकते. ‘आयरिश लोकही गुलामच होते, ते कुठे रडतात?’ नव्हते. ते करारबद्ध मजूर होते. हाल झाले, मारही खाल्ला, पण चार, पाच, सात वर्षांनी करार संपला की माणूस मोकळा, आणि त्याचं पोर जन्मापासूनच मोकळं. व्हर्जिनियानं १६६२ साली कायदाच केला की मूल आईच्या दर्जाचं धरायचं. आई गुलाम तर बाळ गुलाम, बाप खुद्द मालक असला तरी. हा कायदा आयरिश बाईच्या लेकराला लागत नव्हता. विषय संपला.

‘आफ्रिकेतल्या राजांनीच आपली माणसं विकली.’ हे, नाइलाजानं, निम्मं खरं आहे. दाहोमेसारख्या राज्यांनी युद्धकैदी विकले आणि त्यावर गब्बर झाली. पण १८०८ पासून अमेरिकेत बाहेरून गुलाम आणायला कायद्यानं बंदी होती. १७९० च्या जनगणनेत गुलाम होते सुमारे ७ लाख, १८६० मध्ये जवळपास ४० लाख. ही वाढ कुठल्या राजानं पाठवली? चोरटी आयात थोडीफार झाली, बाकीची लेकरं अमेरिकेतच जन्मली आणि अमेरिकनांनीच अमेरिकनांना विकली.

आता तो १८६५. ‘दीडशे वर्षं झाली, आणखी किती वेळ हवा?’ मुक्तीच्या वेळी भरपाई मिळाली होती बरं का. राजधानी वॉशिंग्टनमध्ये एप्रिल १८६२ ला गुलामी संपवली तेव्हा सरकारनं माणशी ३०० डॉलरपर्यंत रक्कम मोजली. कुणाला? मालकांना. राबलेल्याला भरपाई म्हणून काहीच नाही. जानेवारी १८६५ मध्ये, यादवी युद्धात गुलामीवाल्या दक्षिणेशी लढणाऱ्या उत्तरेच्या जनरल शर्मननं दक्षिणेच्या किनाऱ्यावरची जमीन चाळीस-चाळीस एकर करून मुक्त कुटुंबांना द्यायचा हुकूम काढला. लोकांनी पेरण्या केल्या. वर्ष सरायच्या आत अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सननं बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत देववली. त्याच वर्षी मिसिसिपीनं कायदा केला की कृष्णवर्णीय माणसाकडे दर जानेवारीत कामाला असल्याचा लेखी पुरावा हवा. नसेल तर तो भटक्या, म्हणून दंड, आणि दंड भरता आला नाही तर जो कुणी भरेल त्याच्याकडे राबायचं. गुलामी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीतच ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर सोडून’ अशी फट होती, आणि पुढची कित्येक दशकं कैद्यांच्या टोळ्या खाणींना नि शेतांना भाड्यानं दिल्या गेल्या.

हे फार जुनं वाटत असेल तर अलीकडचं घ्या. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांना घर, शेती, धंद्यासाठी सरकारी हमीवर कर्ज मिळायचं. अमेरिकेतला मध्यमवर्ग उभा राहिला तो बराचसा याच पैशावर. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या तेरा शहरांत मोजदाद झाली. एकूण कर्जं ३,२२९. त्यातली कृष्णवर्णीय सैनिकांना २. टक्के नव्हेत, नगाला दोन. त्या राज्यातली जवळजवळ निम्मी वस्ती कृष्णवर्णीय होती. काका, तुम्ही आयुष्यभर आकडेमोड केलीत, हा आकडा कुठल्या आळशीपणात बसवता ते सांगा.

आणि आता ते आठ डॉलर. मला खरी चीड आली ती इथे.

काका १९७१ ला गेले. परकीय चलन तेवढंच मिळायचं, ही गोष्ट खरी आहे आणि घरात प्रत्येक दिवाळीला आम्ही ती ऐकली आहे. पण काका तिथे उतरू कसे शकले, हे कधीच ऐकलं नाही. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात भगतसिंग थिंड नावाचा पंजाबी माणूस उभा होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात नोकरी केलेला. नागरिकत्व गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांना मिळत होतं. कोर्ट म्हणालं, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तू बसत नाहीस. पुढे आधी नागरिक झालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेतलं. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणाऱ्या वैष्णो दास बगाई यांनी त्या पायी १९२८ मध्ये जीव दिला. मेहनत कमी पडली होती का त्यांची?

१९४६ मध्ये दार किलकिलं झालं. भारतातून येऊन राहणाऱ्यांचा कोटा ठरला वर्षाला १००. आपल्या एसटीच्या दोन-अडीच गाड्या भरतील एवढे.

मग ७ मार्च १९६५. अलाबामातलं सेल्मा गाव, मतदानाचा हक्क मागत सुमारे सहाशे माणसं पुलावर चढली. पुलाला नाव गुलामीच्या बाजूनं लढलेल्या सेनापतीचं. पलीकडे पोलीस लाठ्या आणि अश्रुधूर घेऊन उभे. सगळ्यात पुढे होते जॉन लुईस, वय २५. त्यांची कवटी फुटली. देशानं टीव्हीवर पाहिलं. ६ ऑगस्टला मतदान हक्काचा कायदा झाला. आणि दोन महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबरला, त्याच संसदेनं मंजूर केलेल्या, त्याच अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी (मघाचे अँड्र्यू वेगळे) सही केलेल्या कायद्यानं बाहेरून येणाऱ्यांसाठीचे देशवार वंशभेदी कोटे मोडले. घरात रंगावरून भेद करायचा नाही म्हटल्यावर उंबऱ्यावर तो कुठल्या तोंडानं करणार? काका त्या दारातून आत गेले.

शिवाय त्या कायद्यात शिकलेल्यांना प्राधान्य होतं. काका इंजिनिअर, शिक्षण सरकारी कॉलेजात, बहुतांश फी आपल्या बापजाद्यांच्या करातून भागलेली. म्हणजे ‘अ’ तुकडीतली निवडक पोरं उचलून न्यायची आणि त्यांचे मार्क समोरच्या अख्ख्या शाळेच्या सरासरीशी ताडून बघायचे. त्या शाळेच्या वर्गांना छप्पर नव्हतं, हे वेगळंच.

राहिला पाचवा मुद्दा, आणि त्यात आपल्या महात्मा फुल्यांना ओढलंय. ‘फुल्यांनीही गुलामगिरी हे पुस्तक अमेरिकनांना अर्पण केले, कारण गोऱ्यांनी स्वतःहून गुलाम सोडले.’ अर्पण केलं, खरं आहे. १८७३ मध्ये, गुलामीविरुद्ध झटलेल्या तिथल्या सज्जनांना. मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय सिनेटर वॉशिंग्टनला जाऊन बसल्याला तेव्हा तीनच वर्षं झाली होती, कौतुक करण्याजोगं चित्र होतं. १८७७ मध्ये दक्षिणेतल्या राज्यांना केंद्राच्या सैन्याच्या पहाऱ्यातून मोकळं सोडलं आणि ते चित्र पुसलं गेलं. फुले ते लिहून गेले त्याच्या चार वर्षांनंतर.

पण फॉरवर्डकर्त्यानं कात्री कुठे मारली बघा. फुल्यांचं ते वाक्य तिथे संपतच नाही. पुढे ते म्हणतात, माझ्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा आणि आपल्या शूद्र बांधवांना ब्राह्मणांच्या दास्यातून सोडवावं. आमच्या ग्रुपवर सगळे आमच्याच आडनावाचे, त्यामुळे हा अर्धा भाग कुणाला आठवला नाही.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. काकांचं उत्तर आलं, ‘तू इथे राहिली नाहीस.’ त्यावर काकूंनी अंगठा दिला, कुणाला ते कळलं नाही. भाचीचं भाषण शनिवारी आहे. फक्त तीन मिनिटं मिळतात, म्हणून आठ डॉलरचा परिच्छेद काढून तिथे एसटी घालायची का, यावर सध्या आमचं भांडण चाललंय.