आधी जन्मगावं वाचा

गेल्या रविवारी बाबांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. माझी ताई पॅरिसच्या पूर्वेकडच्या उपनगरात राहते. तिचा मुलगा तिथेच जन्मला, आता अकरा वर्षांचा आहे आणि गावातल्या क्लबात लेफ्ट बॅक खेळतो. त्याला मराठी वाचता येत नाही, ऐकून मात्र सगळं कळतं. आजोबांनी फुटबॉलचं काहीतरी पाठवलंय म्हणून ताई कौतुकाने मेसेज मोठ्याने वाचायला लागली आणि अर्ध्यावर थांबली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. रात्री त्याचा मला व्हॉइस मेसेज आला : ‘मावशी, मग मलापण कुठून तरी आणलंय का?’

बाबांशी मी फोनवर बोलले. पण तो मेसेज काही त्यांनी लिहिलेला नाही. तो कुठून कुठून फिरत येतो आणि दर विश्वचषकाच्या आसपास पुन्हा उगवतो, म्हणून इथे लिहितेय.

मेसेजमध्ये म्हटलंय ते थोडक्यात असं. २०१८चा विश्वचषक फ्रान्सने नव्हे, आफ्रिकेने जिंकला. २३ पैकी १७ खेळाडू आफ्रिकेतून ‘आयात’ करून त्यांना घाईघाईने नागरिकत्व दिलं. पूर्वी फ्रान्सचा संघ ‘शुद्ध’ होता. हे खेळाडू राष्ट्रगीत गात नाहीत, म्हणजे त्यांची देशावर निष्ठा नाही. फ्रान्स आफ्रिकेची गुणवान मुलं पळवतो, म्हणून आफ्रिकेचे संघ मागे राहतात. आणि शेवटी ठळक अक्षरांत : आपणही वेळीच जागे व्हा, उद्या आपल्याही संघात बाहेरचेच दिसतील.

‘आयात’ या शब्दापासूनच सुरुवात करते, कारण सगळं विष त्यातच आहे.

१५ जुलै २०१८ला मॉस्कोत क्रोएशियाला ४-२ हरवणाऱ्या त्या २३ जणांच्या संघात फ्रान्सबाहेर जन्मलेले किती होते? दोन. सॅम्युएल उम्तिती कॅमेरूनमधल्या याउंदेचा आणि राखीव गोलकीपर स्टीव्ह मांदांदा काँगोमधल्या किन्शासाचा. दोघंही साधारण दोन वर्षांचे असताना फ्रान्समध्ये आले. उम्तिती लियोंमध्ये वाढला, आठव्या वर्षी तिथल्या मोठ्या क्लबाच्या अकादमीत गेला. उपांत्य सामन्यात बेल्जियमविरुद्ध एकमेव गोल डोक्याने मारला तो यानेच. आता दोन वर्षांच्या बाळाला फुटबॉलसाठी आयात करतात, असं म्हणायचं असेल तर पुढे बोलणंच खुंटलं.

उरलेल्या एकवीस जणांची जन्मगावं बघा. एम्बापे आणि कांते पॅरिसचे. पोग्बा लान्यी-स्युर-मार्नचा. मात्युइदी तुलूजचा, वारान लीलचा, फेकीर लियोंचा, तोलिसो तारारचा, सिदिबे त्र्वाचा, देम्बेले व्हेर्नोंचा, रामी कॉर्सिका बेटावरच्या बास्तियाचा. यातलं कुठलं गाव आफ्रिकेत आहे? एम्बापेचे वडील कॅमेरूनहून आलेले, आई अल्जेरियन कुटुंबातली, स्वतः हँडबॉल खेळलेली. तो बोंदी नावाच्या उपनगरात वाढला, तिथल्याच क्लबात वडील प्रशिक्षक होते. पुढे क्लेरफोंतेनला गेला. पॅरिसच्या नैऋत्येला जंगलालगत फ्रेंच फुटबॉल महासंघाचं हे केंद्र आहे. पॅरिस परिसरातली तेरा-चौदा वर्षांची निवडक मुलं तिथे दोन वर्षं शिकतात. सोमवार ते शुक्रवार मुक्काम, शनिवार-रविवार घरी जाऊन आपल्या क्लबाकडून मॅच. मात्युइदीही तिथलाच. त्याच्या आधी फ्रान्सचा नावाजलेला खेळाडू थिएरी आँरी तिथेच शिकला.

हा संघ कसा घडला, तर असा. गावोगावचे छोटे क्लब, पगाराशिवाय राबणारे प्रशिक्षक, नगरपालिकेची मैदानं, शनिवारी मुलांना गाडीत घालून नेणारे आई-बाप. माझा भाचा त्याच साखळीच्या पहिल्या कडीवर उभा आहे. ‘आयात’ म्हटलं की हे सगळे लोक, त्यांची सगळी वर्षं एका शब्दात पुसली जातात.

नागरिकत्व देऊन झटपट संघात घ्यायचं म्हटलं तरी फिफा घेऊ देत नाही. ज्या देशात तुमचा, आई-वडिलांचा किंवा आजी-आजोबांचा जन्म नाही, त्या देशाचं नवं नागरिकत्व घेऊन खेळायचं, तर २०१८मध्ये नियम असा होता की वयाच्या अठरानंतर सलग पाच वर्षं तिथे राहिलेलं असावं लागे. घाईघाईने हे होतं कसं, ते मेसेज लिहिणाऱ्यानेच सांगावं.

बरं, तो १७चा आकडा. थोमा लेमारसुद्धा त्यात आफ्रिकन म्हणून धरलाय. त्याचा जन्म ग्वादलूपचा, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवरचा. ग्वादलूप १६३५मध्ये फ्रान्सच्या ताब्यात गेलं. मधली इंग्रजी अंमलाची थोडी वर्षं सोडली तर तेव्हापासून ते फ्रान्सचंच आहे. १८४८मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा तिथली गुलामीतून सुटलेली माणसं फ्रेंच नागरिक झाली. १९४६पासून तर तो फ्रान्सचा रीतसर जिल्हा आहे. याच संघातले दोन खेळाडू मेसेजवाल्याला ‘अस्सल’ वाटतात : कर्णधार ल्योरिस आणि ऑलिव्हिए जिरू. ल्योरिसचं जन्मगाव नीस, जिरूचं शांबेरी. ही दोन्ही गावं फ्रान्समध्ये कायमची आली १८६०मध्ये, त्याआधी ती सार्डिनियाच्या राजाकडे होती. म्हणजे लेमारच्या बेटावरची माणसं ल्योरिस आणि जिरूच्या गावांच्या बारा वर्षं आधी फ्रेंच नागरिक होती. तरी आयात केलेला कोण, तर लेमार. इथे निकष जन्माचा नाही आणि इतिहासाचाही नाही, कातडीच्या रंगाचा आहे. मेसेजमध्ये तेवढंच लिहायचं राहिलंय.

‘आफ्रिकेने जिंकला’ हे वाक्य मुळात कुणी चिडून म्हटलेलं नव्हतं, हेही सांगायला हवं. ट्रेव्हर नोआ या दक्षिण आफ्रिकेच्या विनोदकाराने अमेरिकेतल्या आपल्या टीव्ही कार्यक्रमात ते आनंदाने म्हटलं. त्यावर फ्रान्सचे अमेरिकेतले तेव्हाचे राजदूत जेरार आरो यांनी त्याला पत्र लिहिलं. दोघे सोडून सगळे फ्रान्समध्ये जन्मले, तिथेच शिकले, तिथेच फुटबॉल शिकले, आणि त्यांना आफ्रिकन संघ म्हणणं म्हणजे त्यांचं फ्रेंचपण नाकारणं, असा त्या पत्राचा रोख होता. नोआने ते पत्र कार्यक्रमात वाचलं आणि उलट विचारलं की ते एकाच वेळी आफ्रिकन आणि फ्रेंच का असू शकत नाहीत?

इथे मला मनाविरुद्ध मान्य करावं लागतं की राजदूतांपेक्षा नोआचं म्हणणं मला जास्त पटतं. माझा भाचा घरी मराठी बोलतो, गणपतीत मोदकांवर तुटून पडतो आणि मित्रांशी फ्रेंचमध्ये भांडतो. त्याला एक बाजू निवडायला मी कधीही सांगणार नाही. पण मेसेजवाला नोआसारखं बोलतच नाही. ‘आफ्रिकन आहेत’ म्हणून तो थांबत नाही, ‘म्हणून फ्रेंच नव्हेत’ असं पुढे जोडतो. आपण मात्र उलट करतो. याच ग्रुपवर मागे विकाश धोरासूचा फोटो फिरला होता. आर्फ्लरमध्ये जन्मलेला, मॉरिशसहून आलेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबातला मुलगा, २००६च्या विश्वचषकात फ्रान्सकडून मैदानात उतरला. सगळ्यांनी अभिमानाने अंगठे दाखवले. तो आयात केलेला आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

आता पूर्वीच्या ‘शुद्ध’ संघाबद्दल. फार वेळ घालवत नाही. राउल दियान्य १९३१मध्ये फ्रान्सकडून खेळला, तो कृष्णवर्णीय होता. १९५८ साली बॅलन डी’ओर हा वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार मिळवणारा रेमों कोपा हा पोलिश खाणकामगाराच्या घरातला, मूळ आडनाव कोपाशेव्स्की. त्याच वर्षी एका विश्वचषकात १३ गोल मारणारा, आजवर कुणीही न गाठलेला विक्रम करणारा ज्यूस्त फाँतेन मोरोक्कोतल्या माराकेशचा. १९८०च्या दशकातला फ्रान्सचा कर्णधार मिशेल प्लातिनी, त्याचं घराणं इटालियन. कोळशाच्या खाणी, गिरण्या, बांधकामं, मोटारींचे कारखाने यांसाठी फ्रान्सने ज्या ज्या देशांतून माणसं बोलावली, त्या त्या देशांची नावं पिढीभराने संघाच्या यादीत आली. १९९६मध्ये ज्याँ-मारी ल पेन या उजव्या पुढाऱ्यानेही हेच म्हटलं होतं : परदेशातून खेळाडू आणायचे आणि त्यांना फ्रान्सचा संघ म्हणायचं. दोन वर्षांनी अल्जेरियन आई-बापांच्या, मार्सेलमध्ये जन्मलेल्या झिदानने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्ससाठी डोक्याने दोन गोल मारले. तीसेक वर्षांपूर्वीचं शिळं अन्न आहे हे, आमच्या ग्रुपवर गरम करून वाढलेलं.

राष्ट्रगीताचं तर सोडूनच द्या. आपल्या काळात कुणीच ‘मार्सेइएज’ गात नव्हतं, असं खुद्द प्लातिनीने सांगितलंय. त्याची निष्ठा कुणी तपासली नाही.

आफ्रिकेची मुलं पळवण्याच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. पश्चिम आणि उत्तर आफ्रिकेवर फ्रान्सने राज्य केलं, तिथली संपत्ती नेली, माणसं युद्धात आणि कारखान्यांत वापरली. त्या इतिहासाशिवाय ही कुटुंबं पॅरिसच्या उपनगरांत आलीच नसती. कोवळ्या आफ्रिकन मुलांना युरोपची स्वप्नं दाखवून वाऱ्यावर सोडणारे दलालही आहेत. पण राष्ट्रीय संघांच्या बाबतीत प्रवाह नेमका उलटा वाहतो. २०१९चा आफ्रिका चषक उचलणारा अल्जेरियाचा कर्णधार रियाद माहरेझ पॅरिसजवळच्या सार्सेलचा. पुढचा आफ्रिका चषक जिंकणाऱ्या सेनेगलचा कर्णधार कालिदू कुलिबाली फ्रान्सच्या पूर्वेकडच्या सँ-दिए-दे-व्होजचा. २०२२च्या विश्वचषकात उपांत्य फेरीत पोचलेल्या मोरोक्कोच्या २६ पैकी १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले. त्यांचे प्रशिक्षक वालिद रेग्रागी पॅरिसजवळच्या कोर्बै-एसोनचे, आणि उपांत्य सामना कुणाशी, तर फ्रान्सशीच. पोग्बाचे दोघे थोरले जुळे भाऊ गिनीत जन्मले आणि गिनीकडूनच खेळले, धाकटा पॉल फ्रान्समध्ये जन्मून फ्रान्सकडून खेळला. एकाच घरातले तिघं!

यावरून फ्रेंच महासंघातच किती मोठं वादळ उठलं होतं! महासंघाच्या वरिष्ठांच्या एका बैठकीतलं बोलणं मेदियापार या वृत्तस्थळाने एप्रिल २०११मध्ये उघड केलं. दुहेरी नागरिकत्वाच्या मुलांना अकादम्यांमध्ये मर्यादेतच घ्यावं का, अशी चर्चा तिथे झाली होती. कारण काय, तर आपण शिकवायचं आणि ती दुसऱ्या देशांकडून खेळायची! देशभर संताप झाला, तांत्रिक संचालकाला निलंबित केलं. मेसेज म्हणतो फ्रान्स मुलं पळवतो, आणि फ्रान्सच्या फुटबॉलवाल्यांना धास्ती होती की आपलीच मुलं निघून जातायत.

राहिलं ते ‘जागे व्हा’. भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो आणि आपण दुहेरी नागरिकत्व देत नाही. जपानमध्ये जन्मलेला, भारतीय वडिलांचा आणि जपानी आईचा मुलगा आराता इझुमी पुण्याच्या क्लबाकडून खेळायचा. त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं आणि २०१३मध्ये तो भारताकडून खेळला. मला तर त्या माणसाला नमस्कार करावासा वाटतो. अशा माणसांची भीती घालणारा मेसेज आपण ‘विचार करायला लावणारे’ म्हणून पुढे पाठवतो. जिंकले की ही पोरं आफ्रिकेची, आणि २०२२च्या विश्वचषकाचा अंतिम सामना हरल्यावर फ्रान्सच्या कोमाँ आणि च्युआमेनी यांना इंटरनेटवर रंगावरून ज्या शिव्या मिळाल्या, त्या याच विचारातून आलेल्या होत्या. दोघांचा गुन्हा एवढाच की पेनल्टी चुकली.

बाबांनी मेसेज ग्रुपवरून काढलाय आणि नातवाला फोन केलाय. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. मी भाच्याला तेवीस जन्मगावांची यादी पाठवली, नकाशासकट. तासाभराने त्याचं उत्तर आलं : ‘मावशी, लान्यीला आम्ही मार्चमध्ये गेलो होतो. ३-१ने हरलो. मैदानात फार चिखल होता.’