हाताखाली माणूस नाही? मग एमबीए विसरा!

परदेशात एमबीएला अर्ज करायचाय आणि हाताखाली एक माणूस नाही? अवघड आहे भावा. पण परवा इथंच कोल्हापुरात, सल्लागाराला घसघशीत फी मोजून मी जे ज्ञान घेतलं, ते तुम्हाला फुकट वाटतो.

आधी पद बदला. ‘ज्युनिअर इंजिनिअर’ काय लिहिताय? ‘टीम लीड’ लिहा. टीममध्ये तुम्ही आणि बंद पडलेला प्रिंटर असलात तरी चालतंय.

2019 चा महापूर वाया घालवू नका. बचावकार्याचं नेतृत्व तुम्हीच केलं होतं. तेव्हा तुम्ही पुण्यात रूमवर बसून स्टेटस टाकत होता, हे हार्वर्डला कोण सांगतंय?

शिफारसपत्राला साहेब ‘तूच लिहून आण’ म्हणतील. आणा.

आणि संस्था काढा. ही मुख्य गोष्ट. नाव काहीही, शेवटी ‘फाउंडेशन’ पाहिजे. फ्लेक्स छापा, शाळेतली दहा पोरं उन्हात उभी करा, वह्या वाटा, फोटो काढा. एका पोराच्या हातात वही देताना तुम्ही कॅमेऱ्याकडे बघायचं, पोराकडे नाही. अर्ज गेला की फ्लेक्स माळ्यावर आणि फाउंडेशन पंचगंगेत! गल्लीतल्या मंडळाचं मात्र चुकूनही लिहू नका, ते म्हणे ‘फारच लोकल’ वाटतं. वर्गणी मागायची, रुसलेल्यांना मांडवात आणायचं, पगार न देता पन्नास पोरांकडून रात्रभर काम करून घ्यायचं, ह्यात कसलं आलंय नेतृत्व? फ्लेक्स कुठं होता?

माझ्या निबंधातला एक परिच्छेद तर सल्लागारांनी लाल पेनानं आडवाच केला. मी शिरोलीत फौंड्रीत क्वालिटीला आहे. साच्याच्या वाळूत ओल जास्त झाली की कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे पोकळ भोकं, पडतात. आमचे मोल्डिंगचे मिस्त्री वाळू मुठीत दाबायचे, मोडून बघायचे आणि ‘झकास’ म्हणायचे. मी ओल मोजायचा मीटर काढला की म्हणायचे, “मशीनला काय कळतंय? माझ्या मुठीला विचार.” मी त्यांचा साहेब नाही, हुकूम सोडायची सोयच नव्हती. मग रोज शिफ्टला आधी त्यांची मूठ, मग मीटर, आणि दोन्ही फळ्यावर लिहायचं. बहुतेक वेळा मूठच बरोबर निघायची, तेही मी मोठ्यानं सांगायचो. पावसाळ्यात मूठ चुकायला लागली, तेव्हा मिस्त्रींनी स्वतःच मीटर मागितला. आता नव्या पोरांना तेच शिकवतात. ह्यावर सल्लागारांचा शेरा, “हे तर तुमचं कामच आहे. रिपोर्टिंगला किती? शून्य? मग काढा.”

अहो, काढा काय? हार्वर्ड नेतृत्वावरच्या निबंधाला 250 शब्द देतं आणि विचारतं की, कशानं घडलात, इतरांसाठी काय करता, कसा नेता व्हायचंय. किती माणसं हाताखाली आहेत, हे त्यात कुठाय? तिथं जाणाऱ्यांची नोकरी सरासरी पाच वर्षांच्या आसपास. त्या वयात कुणाच्या हाताखाली कारखाना असतो? मुलाखत 30 मिनिटांची, घेणाऱ्यानं अर्ज आधी वाचलेला. ‘त्या पोराचं पुढं काय झालं?’ म्हणून विचारलं तर काय फ्लेक्स दाखवणार?

पोरांनो, तुम्हीही कमी नाही. खरं केलेलं खोडून खोटं लिहायला पैसे मोजता. आणि सल्लागार साहेब, फी घेताय ना? मग समोरचा दिवसभर कामावर करतो काय, एवढं तरी विचारा. दुसऱ्याच्या आयुष्यावर लाल पेन फिरवायचा परवाना तुम्हाला कुणी दिला?